घरी टायमिंग बेल्ट बदलायचा तर: गोव्यातल्या नव्या हातांसाठी

टायमिंग बेल्ट बदलणं हे ताकदीपेक्षा नजरेचं काम आहे. एकदोन हट्टी बोल्ट सोडले तर फारसा जोर कुठेच लावावा लागत नाही. दोन पुल्यांवरच्या खुणा जुळवायच्या, त्या जुळलेल्या असतानाच जुना बेल्ट उतरवायचा, नवा चढवायचा, आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा परत जागच्या जागी येतात का ते बघायचं. एवढं जो शांतपणे करील त्याला हे काम जमतं. जो घाई करील त्याच्यावर इंजिनचं हेड उतरवायची पाळी येते. म्हणून हा लेख लांब आहे, आणि काही गोष्टी मुद्दाम दोनदा सांगितल्या आहेत.

आधी बेल्ट करतो काय ते. इंजिनच्या तळाशी क्रँक असतो, तो पिस्टन वरखाली नेतो. वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, कॅम असतो, तो हवा आत-बाहेर सोडणारे वॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झाला पाहिजे, तोही नेमक्या वेळी. या दोघांना बांधून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिन 3000 आरपीएमवर असताना कॅम मिनिटाला 1500 फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. अशा वेगात बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र काही क्षण चालूच राहतात. ज्या इंजिनांत उघडा वॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात, तिथे पिस्टन वॉल्व्हवर आदळतो आणि वॉल्व्ह वाकतो. तुमचं इंजिन त्या जातीचं आहे की नाही याची खात्री नसेल तर आहे असं धरूनच काम करा.

आपल्या गाडीत बेल्ट आहे का?

हा प्रश्न अगोदर, कारण पुष्कळ गाड्यांत बेल्टच नसतो, चेन असते. मारुतीचं जुनं 796 सीसीचं इंजिन, म्हणजे मारुती 800, ओम्नी आणि ऑल्टो 800, बेल्टवर चालतं. जुनी झेन, एस्टीम, जिप्सीही बेल्टवरच. सँट्रो झिंगमध्ये बेल्ट आहे. उलट के-सीरिज इंजिनच्या ऑल्टो के10 आणि स्विफ्ट पेट्रोलमध्ये चेन आहे, स्विफ्टच्या 1.3 डिझेलमध्येही चेनच. डिझेलमध्ये जुन्या इनोव्हाचं 2.5 लिटर इंजिन आणि डस्टरचं 1.5 लिटर इंजिन बेल्टवर चालतं. गाडीच्या मॅन्युअलात सर्व्हिसच्या तक्त्यात ‘टायमिंग बेल्ट’ ही ओळ असेल तर प्रश्न मिटला. इंजिनकडे बघूनही अंदाज येतो: बेल्ट बहुधा कोरडा चालतो, म्हणून त्यावर हलकं प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं झाकण असतं. चेन ऑइलमध्ये भिजून चालते, म्हणून तिचं झाकण जाड, धातूचं आणि सगळीकडून सीलबंद.

पहिल्यांदाच हात घालणार असाल तर एकच कॅम असलेलं साधं पेट्रोल इंजिन निवडा. मारुती 800 किंवा जुनी ऑल्टो यासाठी उत्तम. डिझेल इंजिनांत बेल्ट बहुधा डिझेल पंपही फिरवतो, आणि कित्येकांत क्रँक व कॅम जागेवर अडकवून ठेवायला खास पिना लागतात. दोन कॅमच्या इंजिनात उतरवताना एक कॅम झटका मारून फिरू शकतो. ही कामं अशक्य नाहीत, पण पहिल्या खेपेची नव्हेत. तिथे चांगला मिस्त्री बघा आणि त्याच्या शेजारी उभं राहून शिका.

किलोमीटर बघू नका, वर्षं मोजा

गोव्यातल्या गाड्यांबद्दल हे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे. पुस्तकात मर्यादा दोन प्रकारे दिलेली असते: इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते. आपण सगळे पहिला आकडा लक्षात ठेवतो. पण आपलं राज्य आहे 3702 चौरस किलोमीटरचं. पेडण्याहून काणकोणला गेलं तरी शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये गोवा संपतो. साखळीहून पणजीला रोज कामाला जाणाऱ्याची गाडी तरी पळते. बाजार, देऊळ आणि चवथीला मूळ घरी एवढंच फिरणारी गाडी दहा वर्षांतसुद्धा मीटरवर तरुणच दिसते. तारवटींच्या घरच्या गाड्या तर महिनोन्महिने पडवीत उभ्या असतात. मालक बोटीवर, आणि गाडी आठवड्यातून एकदा सुरू करून बंद केलेली.

रबराला मीटर कळत नाही. उष्णता, दमट हवा आणि नुसता काळ यांनी ते कडक होत जातं. बेल्टच्या आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात, त्यावर सिंथेटिक रबर आणि दातांवर नायलॉनचं कापड. कमी चाललेल्या जुन्या गाडीचा बेल्ट काढून बोटांवर हलकेच उलटा वळवून बघा: पाठ काचेसारखी गुळगुळीत चमकते, आणि दोन दातांमधल्या खाचेत केसाएवढ्या बारीक चिरा उघडतात. तोच बेल्ट गाडीवर असताना वरून अगदी चांगला दिसत होता. म्हणून ‘झाकण उघडून बघितलं, ठीक आहे’ यावर राहू नका.

जुन्या पेट्रोल गाड्यांत मर्यादा साधारण 60,000 ते 1,00,000 किलोमीटर किंवा चार-पाच वर्षं अशी आढळते; तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलात पाहा आणि तोच पाळा. गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललेला नाही असंच समजा. बेल्ट बहुधा सूचना देत नाही. चेन घासली की खडखडते. बेल्ट मुकाट्याने जातो. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात चढणीवर इंजिन एकाएकी बंद पडलं आणि चावी फिरवल्यावर सेल्फ नेहमीपेक्षा हलका, झर्रकन फिरू लागला, तर बेल्ट गेला असं समजून सेल्फ मारणं तिथल्या तिथे थांबवा. पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याने नुकसान वाढण्याचीच शक्यता.

सामान आधी, पाना नंतर

नुसता बेल्ट आणू नका. टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारं बेअरिंग, बेल्टसोबतच बदलावं. त्यातलं ग्रीस जुनं झालेलं असतं, आणि बेअरिंग अडकलं तर नवा कोरा बेल्टही तुटतो. टेन्शनरला स्प्रिंग असेल तर तीही नवी घ्या. आयडलर पुली (बेल्टला नुसतं वळण देणारी) असेल तर तीही. कॅमचं आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी, घेऊन ठेवा. दोन्ही स्वस्त आहेत, आणि तिथवर पोचायला जी मेहनत लागते ती तुम्ही एरवीही करणारच आहात. काही इंजिनांत, उदाहरणार्थ डस्टरच्या डिझेलमध्ये, पाण्याचा पंप टायमिंग बेल्टच फिरवतो. तिथे पंपही बदलावा. मारुती 800मध्ये पंप बाहेरच्या फॅनबेल्टवर चालतो, त्यामुळे तो गळत नसेल तर तसाच राहू द्या. फॅनबेल्ट आणि एसीचा बेल्ट तसेही उतरवायचे आहेत. चिरा दिसल्या तर तेही नवे घाला.

बेल्ट गाडी बनवणाऱ्या कंपनीचा किंवा नावाजलेल्या मेकचा घ्या. या एका वस्तूत पैसे वाचवू नका. दुकानात गाडीचं मॉडेल, वर्ष आणि शक्यतो चॅसिस नंबर सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळं इंजिन असू शकतं. बेल्ट हातात घेतल्यावर घट्ट घडी घालू नका, पिळू नका, आतली बाजू बाहेर करू नका, खिळ्याला टांगू नका. आतल्या काचतंतूंची दोरी घडीवर तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. बसवायच्या वेळेपर्यंत तो पुठ्ठ्याच्या खोक्यातच राहू दे.

हत्यारांत 10 ते 19 मिलिमीटरचे सॉकेट आणि रॅचेट, रिंग पाने, प्लगचा पाना, लांब दांडी, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना), जॅक आणि दोन जॅक स्टँड, पांढरा करेक्शन पेन किंवा नेलपेंट, चांगली बॅटरी किंवा डोक्याला लावायचा दिवा. टॉर्क रेंच नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणा. बोल्ट किती घट्ट करायचा हा अंदाज हाताला वर्षानुवर्षांनी येतो, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदाच जातात. तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवणं हे या सगळ्याहून महत्त्वाचं. टॉर्कचे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही, कारण दुसऱ्या इंजिनचा आकडा तुमच्या बोल्टला लावला तर तो तुटू शकतो.

दिवस कोणता धरायचा यालाही महत्त्व आहे. पहिल्या खेपेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ जातो असं धरा. रविवारी सुरू करू नका: एखादं सील चुकीचं निघालं तर स्पेअर पार्टचं दुकान बंद. शनिवारी सकाळी लवकर सुरू केलंत तर दुकान एक वाजता मिटायच्या आत तरी धावपळ करता येते. त्यानंतर चारपर्यंत आपल्याकडे बहुतेक बाजार झोपलेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाबोळी किंवा मोपा विमानतळावर कुणाला सोडायचं असेल तर गाडीला आदल्या दिवशी हात लावूच नका. पावसाळ्यात हे काम टाळावं. मिरग सुरू होण्याआधी, एप्रिल-मेमध्ये उरकलं तर उत्तम. चवथीच्या प्रवासालाही गाडी तयार असते.

चिऱ्यावर गाडी ठेवू नका

जागा सपाट आणि टणक हवी. अंगणातल्या शेणमातीच्या जमिनीवर जॅक हळूहळू रुततो. सिमेंटची पडवी किंवा फरशी असेल तर बरं. बहुतेक आडव्या बसवलेल्या इंजिनांत क्रँकच्या पुलीपर्यंत पोचायला त्या बाजूचं पुढचं चाक काढावं लागतं, म्हणजे गाडी उचलावी लागते. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे तिथे हात वरून आणि खालून असा दोन्हीकडून घालावा लागतो.

आपल्याकडे प्रत्येक घरामागे चार चिरे पडलेले असतात आणि गाडी उचलली की हात आपोआप त्यांच्याकडे जातो. चिरा भिंतीत चांगला, कारण तिथे भार सगळ्या अंगावर पसरतो. गाडीच्या खालच्या पट्टीची अरुंद कड त्यावर टेकली की सगळा भार त्या एका रेषेवर येतो. जांभा सच्छिद्र असतो, पावसाने आतून मऊ झालेला असतो, आणि तो आधी तडकून मग पडत नाही. एकदम भुगा होऊन बसतो. खाली माणूस असेल तर त्याला सरकायलाही वेळ मिळत नाही. जॅक स्टँडच वापरा, आणि तरीही काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.

मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा, हँडब्रेक ओढा, गियर न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधून ठेवा. मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी) काढावं लागलं तर ते झाकणाच्या डब्यात भरा. ते चवीला गोडसर असतं, जनावरं चाटतात आणि मरतात. विहिरीच्या आसपास तर एक थेंबही सांडू नये.

उघडताना

आदल्या रात्री क्रँक पुलीच्या बोल्टवर आणि झाकणाच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. खाऱ्या हवेत, किनाऱ्याच्या गावांत विशेष, हे बोल्ट धरून बसतात. झाकणाच्या आत मात्र तेल जाऊ देऊ नका.

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. एका पुठ्ठ्यावर इंजिनच्या झाकणाची ढोबळ आकृती काढून ज्या जागेवरून बोल्ट निघाला त्या जागी पुठ्ठ्याला भोक पाडून तो बोल्ट त्यात खोचा. झाकणाचे बोल्ट दिसायला सारखे असतात, लांबीला नसतात, आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला की पुढे धातू फोडतो.

सगळे स्पार्क प्लग काढा आणि भोकांवर स्वच्छ कापड ठेवा. प्लग निघाले की आत हवा दाबली जात नाही, इंजिन पान्याने सहज फिरतं. याचा खरा उपयोग पुढे आहे.

मग बाहेरचे बेल्ट उतरवा. बऱ्याच गाड्यांत, सँट्रोमध्येही, त्या बाजूचं इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनला गाडीच्या अंगाशी धरून ठेवणारा आधार, सोडल्याशिवाय बेल्ट निघत नाही. तेव्हा इंजिनला खालून आधार लागतो: जॅक ऑइल चेंबरखाली लावताना मधे जाड लाकडी फळी घाला आणि इंजिन उचलू नका, नुसतं टेकवा. फळीशिवाय चेंबरचा पत्रा आत जातो.

क्रँक पुलीचा मोठा बोल्ट हा या कामातला एकमेव झगडा. आधी बघा, तो सोडायची गरज आहे का. काही इंजिनांत बाहेरची पुली चार-पाच छोट्या बोल्टांनी आतल्या दातेरी पुलीवर बसलेली असते; ते छोटे बोल्ट काढले की पुरतं. मोठा बोल्ट सोडायचाच असेल तर पुली धरायचं हत्यार वापरा, किंवा गाडी सगळ्यांत वरच्या गियरमध्ये टाकून आत कुणालातरी ब्रेक पूर्ण दाबून बसवा आणि लांब दांडीने एकसारखा जोर लावा. सेल्फ मारून बोल्ट सोडवण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. दांडी हाताचं हाड मोडते. बोल्ट सैल झाला की गियर परत न्यूट्रल. हे काम खुणा जुळवण्याच्या आधी करा, कारण बोल्ट सोडवताना क्रँक थोडा तरी हलतोच.

खुणा

झाकण निघालं. वर कॅमची मोठी पुली, खाली क्रँकची छोटी, मधे टेन्शनर. आता घाई करणाऱ्यांनी चहा घेऊन यावं.

क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. पुलीच्या बाजूने बघितलं तर बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. होंडाची काही जुनी इंजिनं उलटी फिरतात. कॅम पुलीवरची खूण हेडवरच्या किंवा मागच्या झाकणावरच्या खुणेसमोर आणा. त्याच वेळी क्रँकच्या दातेरी पुलीवरची खूण इंजिनच्या अंगावरच्या खुणेसमोर असली पाहिजे. मारुतीच्या जुन्या इंजिनांत खाली दातेरी पुलीवर ठोकलेला ठिपका असतो आणि त्याच्यासमोर ऑइल पंपाच्या अंगावर बाण. क्रँकची खूण जुळली पण कॅमची नेमकी उलट्या बाजूला असली, तर क्रँक अजून एक फेरा फिरवा.

नवखे इथे दोन जागी अडखळतात. एक, बाहेरच्या क्रँक पुलीवर जी खाच आणि अंशांची पट्टी असते ती इग्निशनच्या टायमिंगची, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी कधी पडते त्याची. बेल्टची खूण आतल्या दातेरी पुलीवर असते. दुसरी, प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून ‘पहिला पिस्टन टॉपला आला’ असं ठरवणं. पिस्टन क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात टॉपला येतो, आणि काही इंजिनांत बेल्टच्या खुणा जुळतात तेव्हा फायरिंगला आलेला पिस्टन पहिला नसतोच. मॅन्युअलातल्या चित्रात ज्या खुणा दाखवल्या आहेत त्याच खऱ्या. एका पुलीवर दोन-तीन खुणा असतील तर चित्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खुणा जुळल्या की करेक्शन पेनने स्वतःच्या रेघा ओढा: कॅम पुलीचा एक दात आणि त्यावरचा बेल्ट, क्रँकचा एक दात आणि त्यावरचा बेल्ट. या दोन रेघांमध्ये जुन्या बेल्टवर किती दात येतात ते ताण असलेल्या, म्हणजे टेन्शनर नसलेल्या बाजूने मोजून लिहून ठेवा. फोटो काढा, सरळ समोरून. तिरक्या फोटोत अर्ध्या दाताचा फरक दिसतो.

आता टेन्शनरचा बोल्ट सैल करा, टेन्शनर मागे ढकलून बोल्ट पुन्हा किंचित आवळा, बेल्ट सैल पडेल. तो हाताने सरकवत काढा, स्क्रू ड्रायव्हरने उपटू नका. या क्षणापासून कॅम आणि क्रँक एकमेकांना ओळखत नाहीत. कोणताही एक फिरवला तर वॉल्व्ह पिस्टनला टेकू शकतो. पान्याला चुकून धक्का लागू नये म्हणून तो क्रँकवरून काढून ठेवा.

जुना बेल्ट फेकू नका, वाचा. कड एका बाजूने झिजलेली असेल तर टेन्शनर किंवा एखादी पुली वाकडी बसली आहे. बेल्ट तेलकट असेल तर कुठलं तरी सील गळतं, आणि ते न बदलता नवा बेल्ट घातला तर तेलाने त्याचंही रबर फुगेल. आत लाल चिखलाची पुटं दिसली तर खालचं झाकण नीट बसत नसावं. खाणपट्ट्यात किंवा पावसात तुंबलेल्या रस्त्यांतून फिरणाऱ्या गाड्यांत ही धूळ दातांच्या खाचांत जाऊन बसते. पुल्या कोरड्या ब्रशने आणि फडक्याने साफ करा. पाण्याचा पाइप आत सोडू नका.

सील बदलताना क्रँकला किंवा कॅमला ओरखडा जाणार नाही याची काळजी घ्या. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळा. नव्या सीलच्या ओठाला ऑइलचं बोट लावा आणि त्याच मापाचा सॉकेट ठेवून हलके ठोके मारत जुनं जितकं आत होतं तितकंच आत बसवा. दात असलेली पुली परत बसवताना तिच्या खाचेतली चावी (पुलीला जागेवर अडकवणारा धातूचा छोटा तुकडा) जागेवर आहे ना ते बघा. कॅमची पुली सोडावी लागली तर कॅम फिरू न देता ती धरूनच सोडायची.

नवा बेल्ट

हात साबणाने धुवून कोरडे करा. जुना आणि नवा बेल्ट शेजारी धरून दातांची संख्या, रुंदी आणि दाताचा आकार मिळवा. गोल दाताच्या पुलीवर चौकोनी दाताचा बेल्ट बसल्यासारखा वाटतो, टिकत नाही. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने. नवा टेन्शनर लावा, बोल्ट सैलच ठेवा.

खुणा परत बघा. मग खालून सुरुवात करा: बेल्ट आधी क्रँकवर, मग ताण असलेल्या बाजूने वर नेत कॅमवर, शेवटी टेन्शनरकडे. ताणाच्या बाजूला जराही ढील राहता कामा नये; सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला यावी. तिथेच ती काढून घेण्याची सोय आहे. बेल्ट कॅमवर अर्धा दात चुकतोय असं वाटलं तर कॅम पुली केसभर इकडेतिकडे करून दात बसवा. जुन्या बेल्टवर मोजलेले दात नव्यावर मोजा. पण आधीच्या माणसाने बेल्ट चुकीचा बसवला असण्याचीही शक्यता असते, म्हणून अखेरचा निवाडा कंपनीच्या खुणांचा.

स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर त्याचा बोल्ट सैल करून स्प्रिंगला बेल्ट ओढू द्या. स्वतः पहारीने ताणू नका. काही टेन्शनरांवर काटा असतो, तो खाचेसमोर आणायचा असतो. बेल्ट दोन बोटांनी पिळून 90 अंश वळतो का हे बघण्याची जुनी पद्धत आहे. ती ढोबळ तपासणीपुरती ठीक, त्यावर काम सोडू नये. फार ताणलेला बेल्ट घूं-घूं आवाज करतो आणि बेअरिंग खातो, ढिला बेल्ट दात सोडतो.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी. पाना क्रँकवर लावा आणि इंजिन नेहमीच्या दिशेने हाताने, हळूहळू, पूर्ण दोन फेरे फिरवा. प्लग काढलेले आहेत, त्यामुळे आत हवेचा दाब नाही. तेव्हा पाना कुठेही ठाम अडला तर तो वॉल्व्हला टेकलेला पिस्टनच. जोर लावू नका. थोडं मागे घ्या, बेल्ट उतरवा, खुणांपासून पुन्हा सुरुवात करा. नुसत्या पान्याच्या जोराने वॉल्व्ह वाकतो.

दोन फेऱ्यांनंतर कॅमची आणि क्रँकची खूण दोन्ही जागेवर यायला हव्यात. नव्या बेल्टवरही पांढऱ्या रेघा ओढल्या असतील तर त्या मात्र भलतीकडेच गेलेल्या दिसतील. घाबरू नका, बेल्टचे दात आणि पुलीचे दात यांचं गणित वेगळं असतं, आणि रेघा पुन्हा जुळायला पुष्कळ फेरे लागतात. पुलीवरच्या खुणाच बघायच्या. त्या एका दाताने जरी सरकल्या असतील तर ‘चालेल’ म्हणू नका. खुणा बरोबर आल्या की मॅन्युअलात सांगितलेल्या क्रमाने टेन्शनरचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, आणि आणखी दोन फेरे फिरवून तीच तपासणी परत करा.

बंद करताना

उलट्या क्रमाने सगळं जोडायचं, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. फक्त क्रँक पुलीचा बोल्ट टॉर्क रेंचनेच, पूर्ण आकड्यापर्यंत. तो सैल राहिला तर पुली डुगडुगते, चावी कापली जाते आणि क्रँकचं तोंड खराब होतं. ते काम घरी होत नाही. झाकणाची रबरी पट्टी जागेवर बसली आहे ना ते बोट फिरवून बघा. माउंटिंग आवळल्यावरच इंजिनखालचा जॅक काढा. प्लग हाताने दोन-तीन आटे बसवून मग पान्याने. कूलंट भरून हवा काढा. आत एखादा पाना किंवा फडकं राहिलं नाही ना, हत्यारं मोजून खात्री करा.

बॅटरी जोडा आणि गाडी सुरू करा. कान झाकणाकडे. पहिल्या काही सेकंदांत टकटक आली, इंजिन थरथरलं किंवा ताकद नसल्यासारखं चाललं तर लगेच बंद करा आणि पुन्हा खुणांकडे जा; एक दात चुकल्याची हीच लक्षणं. नीट चाललं तर इंजिन पूर्ण गरम होऊन फॅन लागेपर्यंत उभ्या जागीच चालू ठेवा, खाली गळती बघा. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारा भाग) असलेल्या जुन्या 800 किंवा ओम्नीत इग्निशनचं टायमिंग टायमिंग लाइटने तपासून घ्यावं लागतं; लाइट नसेल तर एवढ्यापुरतं गॅरेज गाठा. मग गावातल्या गावात एक चक्कर, आणि हायवे दुसऱ्या दिवशी.

आठवडाभराने इंजिन थंड असताना झाकणाच्या खालच्या कडेवर बोट फिरवून तेल लागतं का ते बघा, कूलंटची पातळी बघा, बाहेरचे बेल्ट सैल पडले असतील तर आवळा. बेल्ट बदलल्याची तारीख आणि मीटरचा आकडा एका स्टिकरवर लिहून तो बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि त्याखाली पुढचा बेल्ट कोणत्या वर्षी हेही लिहा. सामानाची पावती गाडीच्या कागदांत ठेवा.